ताकवाल्याचा नातू

चौलच्या आमच्या आळीत कोणी फार गोड बोलायला लागलं की बायका म्हणायच्या, "ताक पाजतोय, जपून." बाहेरगावच्या माणसाला ती नुसती बोलायची तऱ्हा वाटायची. पण ते ताक खरं होतं, ते पाजणारा माणूस खरा होता, आणि त्याचा नातू रघू आळीच्या टोकाच्या वाडीत राहत होता. असं कोणी बोललं आणि रघू तेवढ्यात समोरून आला, की बोलणारी बाई जीभ चावायची. रघू काही ऐकलंच नाही असं दाखवून खाली मान घालून पुढं जायचा.

त्याचा आजा कोंडाजी मूळचा कुठला, ते कुणालाच नक्की सांगता येत नसे. एकाला त्यानं आपण नाशिककडचे वैद्य म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्याला गुजरातेत राहून सोनं दुप्पट करायची विद्या शिकलो म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी तो चौलात आला आणि रस्त्याकडेची नारळी-पोफळीची वाडी घेऊन राहिला. तेव्हा रेवदंड्याच्या बंदरात गलबतं लागत, आणि दत्ताच्या डोंगरावर जाणारे लोक बंदरावरून याच रस्त्यानं चालत येत. कोंडाजीनं कपाळाला भस्म लावलं, ओटीवर ताकाचा रांजण मांडला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पुण्य म्हणून ताक द्यायला सुरुवात केली. घोळक्यानं येणाऱ्यांना चोख ताक मिळायचं. त्यांनीच त्याचं नाव गावोगाव केलं. एकटा आलेला, कमरेला पैशाचा कसा बांधलेला माणूस मात्र तो ऊन उतरेपर्यंत टेका म्हणून आत न्यायचा. त्याच्या ताकात धोतऱ्याचं वाटलेलं बी असायचं.

घरची माणसं शोध करीत आली तर कोंडाजी त्यांना जेवू घालायचा, त्यांच्याबरोबर डोळे पुसायचा आणि सांगायचा, ते तर दाभोळच्या गलबतात बसले, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग ती माणसं बंदराच्या वाटेला लागायची. काही बायकांना तर नवरा सुखरूप परतावा म्हणून त्यानं पूजा घालून दिली आणि वर दक्षिणाही घेतली.

शेवटी एक कासार वाचला. त्याला ताक सोसत नव्हतं. यजमानाला वाईट वाटू नये म्हणून त्यानं घोटभर घेतलं आणि बाकीचं मागल्या दारी ओतून दिलं. गुंगीतच तो रांगत रस्त्यावर आला. पोलिसांनी वाडी खणली. पोफळींच्या मुळात किती माणसं निघाली तो आकडा प्रत्येक म्हातारा वेगळा सांगायचा. कोंडाजीला ठाण्याच्या तुरुंगात नेऊन फाशी दिली.

मागं राहिली बायको आणि अंबाजी नावाचा लहान मुलगा. जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ती दोघं त्याच वाडीत राहिली. तो अंबाजी म्हणजे रघूचा बाप.

गावानं त्यांना कधी मारलं नाही की हाकलून लावलं नाही. फक्त त्या घरचं अन्नपाणी घेणं सोडलं. हे कोणी ठरवलं नव्हतं, म्हणून ते कोणाला मोडताही येत नव्हतं. रघू मोठा झाला तो हे समजूनच. दत्तजयंतीला आळीचा भंडारा असायचा. रघू पहाटे येऊन लाकडं फोडायचा, दुपारी मोठमोठी भांडी घासायचा. पण चुलीपाशी जायचा नाही, पंगतीत वाढायला उभा राहायचा नाही. कोणी नको म्हणायची वेळच तो येऊ द्यायचा नाही. त्याच्या वाडीची सुपारी शेजारचा हरेश्वर स्वतःच्या नावावर व्यापाऱ्याला घालायचा. दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी रघूचं लग्न झालं. अंबाजी त्याआधीच वारला होता. आई आवडाबाई मुलासाठी जवळपास मुलगी बघायच्या भानगडीतच पडली नाही. ती सरळ माणगावकडे गेली. तिकडच्या भातशेती करणाऱ्या लोकांना कोंडाजीचं नावही ठाऊक नव्हतं. काशीच्या बापानं विचारलं, घराण्यात काही बोलण्यासारखं? आवडाबाई म्हणाली, आम्ही कुणाच्या अध्यात ना मध्यात. रघू शेजारीच बसला होता. तो जमिनीकडे बघत राहिला, आणि लाजरा मुलगा म्हणून सासरच्यांना तो फार आवडला.

काशी हसतमुख, कामाला वाघीण, आणि तिच्या हाताला चव होती. सणाला काही केलं की ती शेजारी वाटी पाठवायला निघायची. आवडाबाई काहीतरी कारण काढून तिला थांबवायची. दोन वर्षं अशी गेली, सासू वारली, आणि मग मुलगी झाली. तिचं नाव रंगू ठेवायचं ठरलं. बारशाला काशीनं हरभऱ्याच्या घुगऱ्या केल्या, वर ओलं खोबरं पेरलं. आळीतल्या बायका आल्या, पाळणा म्हटला, पोरीला पाहून गेल्या. प्रत्येकीनं घुगऱ्या पदरात बांधून घेतल्या. घरी मुलं वाट बघतायत म्हणाल्या. काशीला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याला निघाली. आळीच्या वळणावर, कुंपणाच्या कडेला, घुगऱ्यांचा ढीग पडला होता. एकीनं टाकलेल्या नव्हेत, सगळ्यांच्या. कावळे खोबरं वेचून खात होते.

ती तशीच रिकामी कळशी घेऊन हरेश्वरच्या दारात गेली. त्याची बायको येसूबाई अंगण सारवत होती. काशीनं विचारलं, माझ्या हाताला काय झालंय? येसूबाईनं आधी टाळलं. मग तिला तिथंच पायरीवर बसवून सगळं सांगितलं. सांगताना तिचेही डोळे भरले होते, कारण ढिगात तिच्याही पदरातल्या घुगऱ्या होत्या.

काशी घरी आली. रघूनं तिचं तोंड पाहिलं आणि ओळखलं. तो म्हणाला, "मी सांगणार होतो."

"तुमच्या आज्यानं केलं त्याचं मला काय न्हाय," काशी म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी मला घुगऱ्या करू दिल्यात."

ती पोरीला घेऊन माहेरी गेली. तिथं तिनं कोणाला काही सांगितलं नाही. आई-बापाला आपल्या फसगतीची लाज वाटेल, एवढ्यासाठी. दोन-अडीच महिन्यांनी परत आली. रघूशी बोलायला लागली, संसार करायला लागली. पण शेजारी वाटी पाठवायचं तिनं पुन्हा कधी मनात आणलं नाही. हे पुढं काशीवहिनींनीच मला सांगितलं, आणि सांगताना आवाज अगदी सरळ ठेवला.

रंगू पाच वर्षांची झाली त्या वर्षीची गोष्ट. दत्ताची जत्रा आटपली होती. रघू अंगणात सुपारी निवडत होता, काशी आत होती. एक खूप म्हातारी बाई काठी टेकत फाटकाशी आली. उरणकडच्या बायकांसारखं नेसलेली, पायांवर मिठागराचे जुने व्रण. तिनं आपलं नाव मनुबाई सांगितलं. करंज्याहून होडीनं रेवसला उतरून, तिथून मोटारीनं ती एकटीच आली होती.

"बाबा, ताकवाल्या कोंडाजीचं घर ह्येच का?"

रघूच्या हातातली सुपारी तशीच राहिली. तो म्हणाला, "न्हाय आजी. ते घर कधीच पडलं. त्यांच्यातलं कोणी उरलं न्हाय."

म्हातारी फाटकालाच टेकून उभी राहिली आणि बोलत राहिली. ती लहान असताना तिला देवी आल्या होत्या. ती वाचली, म्हणून तिचा बापूस नवस फेडायला दत्ताच्या डोंगरावर आला, तो परत गेलाच नाही. तिची आई शोध करीत इथपर्यंत आली होती. इथल्या माणसानं आईला जेवू घातलं, दाभोळचं गलबत दाखवलं. आई पुढं वर्षभर बंदरं धुंडाळत होती. कोंडाजीला फाशी झाली ते त्यांना फार उशिरा कळलं. पोलिसांनी काढलेल्या माणसांत तिचा बापूस होता की नव्हता, तेही कोणी सांगितलं नाही. आता डोळे मिटायच्या आधी ती जागा बघावी, थोडं पाणी सोडावं, एवढीच तिची इच्छा होती. "माज्यापायी आलेला तो," ती म्हणाली.

रघू उठला. तळ्याकाठी एक ओसाड जोतं होतं. कोण्या सोनाराचं घर होतं ते, प्लेगात ती माणसं गाव सोडून गेली होती. रघूनं हात करून तिकडची वाट दाखवली. म्हणाला, ते बघा, तिथं होतं.

म्हातारी गेली. रघू कुंपणाआडून बघत राहिला. तिनं सोनाराच्या जोत्यावर तीळ ठेवले, तळ्यातलं पाणी ओंजळीत आणून सोडलं, आणि डोकं दगडावर टेकून रडली. लहान मूल बापाला हाक मारतं तशी हाक मारून रडली. मग काठी घेऊन मोटारीच्या रस्त्याला लागली.

काशी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन खरं सांगावं असं तिच्या मनात आलं होतं, पण पाय उचलला नाही. त्याची लाज तिला पुढं कायम राहिली. म्हातारी दिसेनाशी झाल्यावर ती अंगणात आली.

"आज्यानं तिच्या आईला खोटी वाट दाखवली," ती म्हणाली, "आणि तुम्ही तिला."

 त्या दिवशी रघू जेवला नाही. आजपर्यंत त्याला जी लाज वाटत आली ती दुसऱ्याच्या कर्माची होती. डोक्यावर ओझं द्यावं तशी ती कोणीतरी दिलेली होती आणि तो ती वाहत होता. ही लाज निराळी होती. ही त्यानं स्वतः, सकाळच्या उन्हात, सुपारी निवडता निवडता ओढवून घेतली होती.

त्यात आणखी एक गोष्ट होती, ती काशीलाही ठाऊक नव्हती. ती त्यानं आता तिला सांगितली. अंबाजीनं मरायच्या आधी त्याला वाडीच्या मागल्या कोपऱ्यात नेलं होतं. त्या कोपऱ्यात अंबाजीनं जन्मात एक रोप लावलं नव्हतं. तो म्हणाला होता, इथं एक राहिलाय. मी बापाला खणताना पाहिलं होतं. पोलिसांनी मला विचारलं तेव्हा मी पाहिलं नाही म्हणालो.

काशीनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, "मग आता कुणाची वाट बघताय?"

रघू उरणला गेला. मनुबाई या नावापलीकडे त्याच्याकडे काही नव्हतं. मिठागरांच्या गावांतून विचारत विचारत तो तिच्या दारी पोचला. ती ओसरीवर जाळ्याची दोरी वळत बसली होती. मुलगा भिकू घरीच होता. रघूनं उभ्या उभ्याच सांगितलं की मी कोंडाजीचा नातू. ज्या फाटकाशी तुम्ही उभ्या होतात तेच ते घर.

मनुबाईच्या हातातली दोरी थांबली. ती म्हणाली, "मंग मी कुनाच्या दारात रडले?"

"एका सोनाराच्या," रघू म्हणाला. त्याला खाली बघवेना आणि तिच्याकडेही बघवेना.

भिकू उठून अंगावर आला. म्हातारीनं त्याला हातानं मागं सारलं. रघूनं मग कोपऱ्यातल्या माणसाचं सांगितलं. तो तुमचाच बापूस की आणखी कोणी, ते मला ठाऊक न्हाय, हेही सांगितलं.

"कुनाचा तरी बापूस असंल," मनुबाई म्हणाली. "तुमीच पुरला, तुमीच काडा. चार मान्सांसमोर काडा. गुपचूप नको."

त्याला कोणी बस म्हणालं नाही, पाणी विचारलं नाही. परतीच्या होडीत तहानेनं जीव जात होता, तरी त्यानं कोणाकडे मागितलं नाही.

चौलला आल्यावर तो सरळ पोलीस पाटलाकडे गेला. पाटील वैतागला. साठ वर्षांमागचं मढं उकरून कोणाचं भलं होणार, म्हणाला. गाव विसरायला लागलंय, तू पुन्हा आठवण करून देतोस. रघू म्हणाला, गाव विसरलेलं न्हाय. पाटलाला ते पटलं असावं, कारण त्यानं तालुक्याला कळवलं.

ज्या दिवशी खणायचं ठरलं त्या दिवशी सगळी आळी कुंपणाला लागून उभी होती. पोलीस आले, पंच आले. कुदळी मजुरांकडे होत्या, पण पहिला घाव रघूनं घातला. कमरेइतकं खोल गेल्यावर हाडं लागली. पोफळीची मुळं त्यांच्यातून आरपार गेली होती. शेजारी एकही झाड लावलं नव्हतं, तरी मुळं तिथवर आली होती.  काशी खड्ड्याच्या काठाशी उभी होती. डोक्यावरचा पदर तिनं नीट घेतला आणि हात जोडले. ते बघून येसूबाईनं जोडले, मग आणखी काही जणांनी.

पंचनामा, तालुक्याच्या खेपा हे सगळं होऊन हाडं ताब्यात मिळायला वेळ लागला. न्यायला भिकू आला. मनुबाईला आता चालवत नव्हतं. त्यानं मडक्याचं तोंड पांढऱ्या फडक्यानं बांधलं. काशीनं विचारलं, पाणी घेणार का. भिकू अवघडला.

"आयेनं सांगितलंय, तुमच्या घरचं पाणी घेऊ नको म्हणून. राग मानू नका."

"बरोबर हाय त्यांचं," रघू म्हणाला आणि स्वतःच त्याला हरेश्वरच्या घरी घेऊन गेला. भिकू आत पाणी प्यायला, रघू बाहेर उभा राहिला.

यानंतर सगळं सुधारलं असं म्हणणं खोटं होईल. जे तरुण लोक कोंडाजीला म्हणीपुरतं ओळखत होते, त्यांनी आता हाडं डोळ्यांनी पाहिली होती. व्यापाऱ्याला कोणीतरी सांगितलं, आणि हरेश्वरच्या नावावरची सुपारीही तो घेईना. मग रघू एका काथ्याच्या वखारीत कामाला जायला लागला. रंगूला शाळेत पोरी चिडवायच्या. एकदा ती रडत घरी आली आणि बापाला म्हणाली, तुम्ही गप्प का नाही राहिलात?  पुढं काही दिवस ती शाळेतून आली की रघू वाडीतच काहीबाही करत राहायचा, तिच्यासमोर यायचा नाही.

तीन-चार वर्षांनी दत्तजयंतीच्या सुमाराला भिकू एकदा येऊन गेला. फाटकातून आत आला, ओटीच्या कडेला बसला. म्हणाला, आये गेली. सगळं रीतीनं झालं. रघू जवळ येऊन बसला.  काशीनं पाणी विचारलं नाही, भिकूनंही मागितलं नाही. जाताना त्यानं वाडीच्या मागल्या कोपऱ्याकडे बघितलं आणि हात जोडले.

रंगू लग्नाची झाली तेव्हा पासष्ट साल उलटून गेलं होतं. काशीच्या माहेरच्यांनी माणगावकडची स्थळं आणली. त्यांना तोवर सगळं कळलं होतं, आणि त्यांचं म्हणणं होतं की तिकडे बोलायची गरज नाही. रघू मुलाकडच्या ओसरीवर बसला की चहा यायच्या आधीच सांगून टाकायचा. पहिल्या घरचे लोक नुसते उठले. दुसऱ्यांनी विचार करून सांगतो म्हटलं आणि सांगितलं नाही. काशीच्या भावानं रघूला चार शब्द सुनावले, की पोरीच्या जन्माची राखरांगोळी करायला निघालास. रघूनं ऐकून घेतलं.

तिसऱ्या घरी मुलाची आई नीराबाई होती, विधवा, तोंडानं फटकळ. रघूचं ऐकून झाल्यावर ती बराच वेळ दाणे निवडत राहिली.

"तुम्ही न्हाई सांगितलं असतं तर मला कुठनं कळणार होतं?"

"न्हाय कळलं असतं," रघू म्हणाला.

"मग कशाला सांगितलंत?"

रघूची मान खाली गेली. "हिच्या वेळी न्हाय सांगितलं," काशीकडे हात करून तो म्हणाला. "तेवढं पुरे झालं."

नीराबाईनं काशीकडे पाहिलं. काशी तिच्याकडे सरळ बघत होती. त्या दोघी बायकांत काय बोलणं झालं ते शब्दांत झालं नाही. नीराबाईनं होकार द्यायला आठ-दहा दिवस घेतले, पण दिला. लग्न तिच्याच दारी झालं. रघूनं तिथंही लाकडं फोडली, पाणी भरलं, मांडवाचे खांब रोवले. वाढायला मात्र तो उभा राहिला नाही. नीराबाईनं दोनदा हाक मारली तरी त्यानं काहीतरी काम काढून टाळलं. तिनं तिसऱ्यांदा मारली नाही.

मी त्यांना पाहिलं ते यानंतरचं. रघूदादा अखेरपर्यंत मान खाली घालूनच चालले. आता रस्त्यानं मोटारी जायच्या, तरी जत्रेच्या दिवसांत चालत येणारे लोक असायचेच, आणि त्यांतला एखादा पाणी मागायला फाटकाशी थांबायचा. त्याला रघूदादा आधी आपण कोण ते सांगायचे, आपल्या आज्यानं काय केलं ते सांगायचे, आणि मग म्हणायचे, आता बघा, घ्यायचं तर घ्या. पुष्कळ जण न घेताच पुढं जायचे. काहींना तर ते काय सांगतायत तेच कळायचं नाही. तहानलेला माणूस कुठं एवढं ऐकतो.

काशीवहिनी चिडायच्या. म्हणायच्या, "आधी न सांगून माझा जीव घेतला, आता सांगून सांगून घेतायत." पण रघूदादांचं सांगून होईपर्यंत त्या तांब्या भरून दारात उभ्या असायच्या.